माणचा चिंचोका भिवंडीच्या लूमवर

आमच्या माण तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला पार केरळपर्यंत जातात, पण भिवंडीला सहसा कुणी जात नाही. मी गेले, आणि जाताना चिंचोक्याच्या पिठाची दोन पोती बरोबर नेली. एसटीच्या कंडक्टरनं पोत्यावर टिचकी मारून विचारलं, "ताई, काय आहे यात?"

"चिंचोक्याचं पीठ."

"खायचं?"

"हो, पण सुतानं."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढे सरकला. परत आल्यापासून जो तो विचारतो आहे, तिकडे काय पाहिलंस म्हणून. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा लिहून काढते.

आधी थोडं घरचं. आम्ही सनगर. घोंगडी विणणं हे आमचं पिढीजात काम. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे आबा, चौथी शिकलेत. पण लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायची खळ त्यांच्यासारखी आसपास कुणाला जमत नाही. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि गल्लीत ताणून धरलेल्या धाग्यांवर कुंच्यानं ती खळ फासायची. धाग्याला ताकद येते, मागावर घासला तरी तो तुटत नाही. डिसेंबरात गावात सगळ्यांच्या हातांना भेगा पडतात. आबांचे हात तेवढे मऊ राहतात. लहानपणी मला वाटायचं, ते काम कमी करतात म्हणून.

एमएस्सीच्या वर्गात मॅडम एकदा म्हणाल्या, "घाण झाल्यावर ती साफ करायचं रसायनशास्त्र वेगळं आणि घाण होऊच नये म्हणून आधीच विचार करायचं वेगळं. या दुसऱ्याला हरित रसायनशास्त्र म्हणतात." मग त्यांनी उदाहरण दिलं कापडाचं. यंत्रमागावर चढवण्याआधी सुती ताण्यालाही खळ लागते. आजकाल तिच्यात पीव्हीए नावाची पांढरी पावडर असते. ती खनिज तेलापासून बनते. कापड रंगवण्याआधी ही खळ गरम पाण्यानं धुऊन टाकतात. ते पाणी नाल्यात जातं आणि तिथल्या जंतूंना ती पावडर सहज पचत नाही. मी हात वर केला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी चिंचोक्याची लावतात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सिद्ध कर," म्हणाल्या. त्या दोन शब्दांवर माझी दोन वर्षं गेली, आणि त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

प्रयोगशाळेत सगळं जमलं. पण प्रयोगशाळेतला धागा हातभर. खरा ताणा पाहायचा तर भिवंडीलाच जायला हवं होतं.

मंगळवार, राहनाळ

साताऱ्याच्या होस्टेलमधली माझी रूममेट प्रज्ञा भिवंडीजवळच्या राहनाळची. ती आता नाशिकला नोकरी करते, पण तिच्या आईवडिलांनी मला घरच्यासारखं ठेवून घेतलं. तिचे वडील जाधवकाका नारपोलीच्या एका सायझिंगमध्ये खळीवर देखरेख करणारे मास्तर आहेत. ताण्याला खळ लावायच्या कारखान्याला इकडे नुसतं सायझिंग म्हणतात. काकांनीच मालकाशी बोलून माझ्यासाठी मशीन मोकळं करून घेतलं होतं.

राहनाळ गाव आहे, पण गावासारखं दिसत नाही. आमच्याकडे नजर जाईल तिथं माळ. इथं नजर जाईल तिथं गोदाम. एकेक गोदाम आमच्या शाळेच्या मैदानाएवढं. देशभरच्या लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू इथं येतात आणि इथून जातात. त्या पत्र्यांच्या मधोमध काकांचं दोन खोल्यांचं घर. दारात तुळशीच्या जागी कढीपत्ता, आत बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि पहाटे काकूंच्या आवाजातली बुद्धवंदना. आमच्याकडे सकाळ मेंढरांच्या आवाजानं उजाडते. मला दोन्ही सारख्याच शांत वाटल्या.

काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. आम्ही बाजरी खाणारी माणसं. सुकट मी जन्मात पहिल्यांदा खाल्ली आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं.

"नसेल जमत तर राहू दे हं, अश्विनी," काकू म्हणाल्या.

"नाही काकू, तिखटच लागलं फक्त," असं म्हणून मी आणखी भाकरी घेतली. चौथ्या दिवशी मी सुकट मागून घेत होते.

बुधवार, नारपोली

नारपोलीत शिरल्यावर आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. प्रत्येक गाळ्यात लूम म्हणजे यंत्रमाग, वर माणसांची घरं, आणि गल्लीभर एकच खटखट. पहिली दहा मिनिटं मला बोललेलं ऐकू येईना. काका मात्र नेहमीच्या आवाजात बोलत होते आणि समोरच्याला ते कळत होतं. इथली माणसं निम्मं ओठांवरून ऐकतात.

सायझिंगचे मालक अन्वरभाई. पांढरा कुर्ता, हळू आवाज. त्यांनी पोतं उघडून पीठ चिमटीत घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

"बघा मॅडम, सीधी बात करतो," ते म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हणत होतं. "माझे अब्बा कामवारी नदीत पोहायचे. मी तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. म्हणून तुम्हाला बोलावलं. पण तार तुटली तर माझा कारीगर उपाशी राहतो. तार म्हणजे ताण्याचा एकेक धागा. ती तुटली की लूम थांबते, आणि लूम थांबली की त्याचं कापड थांबतं. शनिवारपर्यंत तुमचं. अर्धी शिफ्ट जरी तुमचं बीम आमच्या बीमइतकं चाललं, तर एक मशीन कायमचं चिंचोक्याला. नाही चाललं, तर ही पोती उचलायची. राग मानायचा नाही."

मी मान हलवली. आबांनी ती पोती स्वतःच्या पाठीवर घेऊन एसटीत चढवली होती. ती पुन्हा उतरवून घ्यायला त्यांना लावायचं नव्हतं.

बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला मोठा लोखंडी रूळ. शेकडो धाग्यांची सलग चादर गरम खळीच्या हौदातून जाते, रुळांमध्ये पिळली जाते, वाफेनं तापलेल्या पिंपांवरून सुकत येते आणि बीमवर बसते. ज्या कामात आमच्या गल्लीत अख्ख्या घराचा दिवस जातो, ते इथं चहा थंड व्हायच्या आत होतं. पीठ आधी गार पाण्यात कालवून मी आबांच्या पद्धतीनं खळ शिजवली. वास सुटला तसा मशीनवरचा एकजण ओरडला, "मास्तर, आज इमली का हलवा है क्या?" ताणा छान बदामी रंगाचा निघाला. मी आतून फुलून गेले होते. काकांनी एक धागा तोडून ओठांवरून ओढला. ही त्यांची तपासणी, यंत्र वगैरे काही नाही. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "बघू उद्या." मला त्या थांबण्याचा अर्थ कळला नाही.

निघताना मी दोन बाटल्या भरल्या. एकीत पीव्हीएची खळ, दुसरीत माझी. दोन्हींत भरपूर पाणी आणि चिमूटभर नाल्यातला गाळ, त्यातल्या जंतूंना कोणती पचते ते बघायला. काकूंच्या खिडकीत त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

गुरुवार

हा दिवस लिहायला नको वाटतो, पण लिहिते.

बीम अन्वरभाईंच्याच गाळ्यातल्या रफीकचाचांच्या लूमवर चढलं. चाचा आझमगढकडचे, तीस वर्षं भिवंडीत. आडवा धागा नेणारा धोटा धावू लागला आणि तिसऱ्याच मिनिटाला पहिली तार तुटली. चाचांनी लूम थांबवली, गाठ मारली, सुरू केली. पुन्हा तुटली. मग दोन एकदम. लूमखाली बदामी भुकटी साचू लागली. ती माझी खळ होती, धाग्यावरून पापुद्र्यासारखी सुटून पडत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी अठ्ठावीस गाठी मोजल्या, पुढे मोजणं सोडून दिलं.

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक धागा दोन बोटांत धरून वाकवला, तो कट्‌ करून मोडला. "बिटिया, ये तार नहीं है. पापड है."

आजूबाजूच्या लूमवरचे हसले. चाचांनी त्यांना दटावलं, "हँसो मत. तुम्हारे घर में कोई पढी है इतना?" मला जास्तच रडू आलं.

अन्वरभाई येऊन बघून गेले. बोलले एवढंच, "शनिवार अजून आहे."

संध्याकाळी मी आबांना फोन केला. "खळ बरोबर शिजली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखीच, आबा."

"मग धाग्यातच कायतरी असंल," ते म्हणाले. मला वाटलं, बाप मुलीची समजूत घालतो आहे.

शुक्रवार, गणेशपुरी

भिवंडीत लूमना शुक्रवारी सुट्टी. गल्ल्या इतक्या शांत की आदल्या दिवशीचं गाव हेच का, असा प्रश्न पडावा. मी वही घेऊन बसले होते. काकूंनी वही मिटली. "चल, गणेशपुरीला जाऊ. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस. डोकं उघडेल."

एसटीनं वज्रेश्वरीच्या बाजूला गेलं की गोदामं मागे पडतात. कापणी होऊन गेलेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या, आणि पाठीमागे निळसर डोंगर. आमच्या माळावर इतकी झाडं एकत्र बघायला मिळत नाहीत. कुंडाचं पाणी चांगलंच कढत होतं. काकू खुशाल बसल्या. मी पाय घालायची, काढायची, पुन्हा घालायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही नाचते का पाण्यात?"

परत फिरताना रस्त्याकडेला एक म्हातारी आदिवासी बाई बसली होती. पुढ्यात करांद्याचे कंद, आवळे आणि तीन-चार बाटल्या. गिऱ्हाईक नव्हतं तेवढ्यात ती मांडीवर दोरी वळत होती. हातभर वळून झाली की बाटलीत बोट घालून तुपासारखं थिजलेलं काहीतरी काढायची आणि दोरीवर चोळायची.

काकूंनी आवळ्यांना हात घातला. मी त्या दोरीकडेच बघत उभी राहिले. "आजी, हे काय लावता?"

"मोहाचा त्याल. बियांचा." तिनं वर पाहिलं. "थंडीत गोठतं."

"आणि कशाला लावायचं?"

तिला माझी कीव आली असावी. "कोरडा दोरा मोडतं न्हाय का गो? त्याला त्याल पाजाया लागतं. माणसाच्या हातापायाला लागतं, तसा दोऱ्याला पन लागतं."

तिनं स्वतःचे हात पुढे केले. सुरकुतलेले, काळे, आणि एकही भेग नसलेले.

मी तिथं मातीत बसले. आबांचे हात! ते काम कमी करत नव्हते. त्यांच्या हातांत जन्मभर लोकर होती. मेंढीच्या लोकरीला तिचं स्वतःचं तेल असतं. म्हणून आमच्या खळीत तेल घालायची रीत नाही, गरजच नाही. तेच मी सुताला लावलं. सूत गिरणीतून येतं, त्याला तसलं काही नसतं. प्रयोगशाळेत मी धागा ओढून ताकद मोजली होती, वाकवून कधी पाहिलाच नव्हता. ही चूक आमच्यासारख्या लोकरवाल्यांच्या पोरीनंच करावी. जुने लोक सुताच्या खळीत जनावराची चरबी घालायचे, हे पुस्तकात वाचलंही होतं. पण आपल्या घरची कृती पूर्ण आहे, या अभिमानात ते पान उलटून गेलं.

"काकू, एक बाटली घेऊ या?"

"घे की. पण रडतेस कशाला?"

म्हातारीनं बाटली दिली आणि बजावलं, "बाटली परत आन हां. बाटल्या न्हाय भेटत. त्याल भरपूर हाय, झाडं हायती तवर."

त्या संध्याकाळी काकूंचा स्वयंपाकघरातला गॅस मीच अडवला. छोट्या पातेल्यात खळ शिजवली, उकळतानाच तेल सोडलं आणि घोटत राहिले. पहिल्यांदा जास्त झालं, धागा चिकट निघाला. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्या पातेल्याचा धागा मी तव्याच्या पाठीवर सुकवला आणि जाधवकाकांपुढे धरला. काका जेवत होते. त्यांनी डावा हात पुढे केला, धागा ओठांवरून ओढला, बोटाला गुंडाळला, सोडला. तो मोडला नाही.

"बुधवारी मी थांबलो होतो ना, ते याच्यासाठी," ते म्हणाले. "ओठाला खरखरीत लागला होता. वाटलं, शिकलेली पोर आहे, आपण काय सांगायचं."

"काका, पुढच्या वेळी सांगा."

"पुढच्या वेळी सांगीन," ते म्हणाले आणि हसले.

शनिवार, पुन्हा नारपोली

सकाळी काकूंच्या ओरडण्यानं जाग आली. "अश्विनी, तुझी ही बाटली मेली का काय? घरभर वास सुटलाय!"

मी खिडकीकडे धावले. माझ्या खळीची बाटली गढूळ झाली होती, बुडबुडे येत होते आणि आंबूस घाण वास मारत होता. शेजारची पीव्हीएची बाटली जशीच्या तशी. हलवली की पहिल्या दिवशीसारखाच फेस.

"काकू, हा वास म्हणजे जंतू जेवायला बसलेत. त्या दुसऱ्या ताटाला कुणी हात लावलेला नाही."

"जेवू दे, पण बाहेर बसून जेवू दे," म्हणत काकूंनी बाटली अंगणात नेऊन ठेवली. एका बाटलीनं नदी स्वच्छ होत नाही, हे मला कळतं. चिंचोक्याचं पाणीही नाल्यात सोडण्याआधी मुरवावंच लागेल, कारण जंतू जेवताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. पण जे पचतं ते संपवता येतं.

सायझिंगमध्ये या वेळी खळ मी शिजवली आणि तेल काकांनी सोडलं, माझ्या मापानं आणि त्यांच्या नजरेनं. छोटंसं बीम भरलं. जोडणी होऊन लूम सुरू व्हायला दुपारचे दोन वाजले. रफीकचाचांनी टोपी सारखी केली, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि दांडा ओढला.

पहिली पंधरा मिनिटं मी लूमशेजारून हलले नाही. अर्धा तास झाला. तार तुटली नाही. गल्लीतून येणारा जाणारा दारात थांबू लागला. पाऊण तासानं पहिली तुटली. चाचांनी गाठ मारली आणि माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, फक्त एकच. लूमखालची फरशी मी दर थोड्या वेळानं वाकून बघत होते. भुकटी नव्हती.

चारला चहा आला. चाचा लूमवरची नजर न काढता प्यायले. पाचला दुसरी तार. सहा वाजता अन्वरभाई आले आणि स्टूल घेऊन बसले. कापडावरून हात फिरवत राहिले. साडेसहाला तिसरी, सातनंतर चौथी. आठला शिफ्ट संपली.

"अपने बीम पे इतनी देर में कितना टूटता है, चाचा?" अन्वरभाईंनी विचारलं.

"पाँच. कभी छे."

"आणि हे?"

चाचांनी चार बोटं वर केली आणि मग ती मुठीत मिटून माझ्या डोक्यावर हलकेच ठेवली. "पापड नहीं है, बिटिया. रेशम है."

ज्यांनी गुरुवारी हसून घेतलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. आसपासच्या गाळ्यांतल्या लूमच्या आवाजात टाळ्या ऐकू येत नव्हत्या, नुसते हात दिसत होते. मला तेवढं पुरे होतं. जाधवकाका भिंतीला टेकून उभे होते, जणू काही त्यांचीच मुलगी पास झाली होती.

अन्वरभाई उठले. "तीन नंबरचं मशीन तुमचं. पीठ कधी येणार?"

मी उत्तर द्यायच्या आधी आबांना फोन लावला. दुसऱ्या शिफ्टचा कारीगर येऊन त्याच बीमवर लूम सुरू करत होता. बोलणं ऐकू येणार नव्हतंच, म्हणून मी फोन सरळ लूमजवळ धरला. माझा बाप जन्मभर मागावर बसलेला आहे. धागा तुटला की माग कसा अडखळतो, हे त्याला सांगावं लागत नाही.

बराच वेळ मी तसाच फोन धरून होते. मग बाहेर गल्लीत आले आणि कानाला लावला. "ऐकलंत का, आबा?"

"ऐकलं. यकदाबी थांबला न्हाय गं."

"आबा, ते विचारतायत, पीठ कधी येणार."

"तू ती पोती तिथंच सोडून येऊ नगंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटेना. "रिकामी करून आन. भराय लागतील."

रविवारी सकाळी आधी गणेशपुरीला जाऊन बाटली परत केली आणि पुढच्या खळीसाठी दुसऱ्या दोन घेतल्या. मग साताऱ्याची गाडी पकडली. कंडक्टर वेगळा होता, पण प्रश्न तोच. "ताई, पोत्यात काय?"

पोती घडी घालून माझ्या मांडीवर होती. "काही नाही," मी म्हणाले, आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.